विमानाच्या शेपटातली फट

आमच्या हार्टविक गावात स्वयंपाकघरातलं कपाट उघडताना आधी एक हलका उसासा ऐकू येतो आणि मग दार हाताला येतं. लायल टेस्केच्या कपाटाची ती खूण. दाराच्या कडा चौकटीत इतक्या नेमक्या बसवलेल्या असत, की आतल्या हवेलाही बाहेर पडताना परवानगी मागावी लागे. मी शिकवते त्या शाळेतली पुस्तकांची कपाटंही त्याचीच होती. ती उघडताना पहिलीतली पोरं नखं मोडून घेतात, असं मी एकदा त्याला सांगितलं.

"मग पोरांची नखं कापा," तो म्हणाला. "दार कशाला कापू?"

असा माणूस. बुटका, रुंद, भुवयांत भुसा. 'गुड मॉर्निंग'सुद्धा हरकत नोंदवल्यासारखं म्हणायचा. पाद्रीबाबांशी त्याचं चर्चच्या बाकांवरून वाजलं होतं आणि पोस्टमास्तरांशी टपालपेटीच्या उंचीवरून. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या विल्माच्या पायऱ्या कुजल्या, तेव्हा ती बहिणीकडे गेलेली असताना त्यानं न सांगता नव्या बसवून दिल्या, आणि ती परत आल्यावर, रंग वाळायच्या आत त्यांच्यावर पाय दिला म्हणून तिच्याशी भांडला. आभार मानायची संधी त्यानं तिला दिलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, जोडणाऱ्या कारखान्यात होता. लाकूड उडू शकतं, हे तिथे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे कपाटं करून केस पांढरे झाल्यावर त्यानं नॉर्बर्ट प्रिट्झलच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधायला घेतलं. नॉर्बर्ट दूधवाला. त्यानं अल्फाल्फाच्या, गाईंच्या चाऱ्याच्या, शेतातून एक लांब पट्टा कापून धावपट्टी केली होती आणि कडेला पत्र्याच्या शेड उभारल्या होत्या. हिवाळ्यात तिथल्या शेगडीभोवती पत्ते चालत, उन्हाळ्यात रविवारी पॅनकेकची न्याहारी. विमानं बांधणारे पाच-सहा जण होते. एकमेकांवाचून त्यांना करमत नसे आणि एकमेकांचं पटतही नसे.

त्या लोकांत एक रिवाज होता. लाकडी विमानाचा पंख किंवा शेपूट म्हणजे पोकळ पेटी. वरून प्लायवूड चिकटवून बंद केली की आतलं पुन्हा दिसत नाही. म्हणून बंद करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी आत डोकावून बघायचं. स्वतःचं काम बघताना डोळे लबाडी करतात, असं ते म्हणत.

लायलच्या विमानात डोकावणारा होता ड्युएन होवलँड. मेन स्ट्रीटवर त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि आसपासच्या सगळ्या विमानांतले रेडिओ त्याच्याच हातचे. शिवाय तो लायलचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लाकूड लायलचं आणि तारा ड्युएनच्या, असं ठरवूनच त्या दोघांनी विमान सुरू केलं होतं. लायल ओरडून बोलायचा, ड्युएन हळू. पण हळू बोललेलंच जास्त लागायचं.

एका पत्त्यांच्या दुपारी ड्युएन पंख बघायला उठला. एका सांध्यावरून त्यानं नख फिरवलं, परत येऊन बसला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लायल, इथला सरस सुकून गेलाय, का लावलाच नाहीस?"

लायलनं करवत घेतली, तेवढा तुकडा पंखातून कापून काढला, शिकंज्यात धरला आणि हातोड्यानं मोडला. सांधा खरा असेल तर लाकूड फाटतं, सरसाची रेघ तुटत नाही. लाकूडच फाटलं होतं. तो तुकडा त्यानं मांडलेल्या पत्त्यांवर आपटला.

"वाच," तो म्हणाला.

"मी नुसतं विचारलं."

"तू विचारलं नाहीस, दाखवलंस. चार माणसांत. ऊठ माझ्या जागेवरून."

"तुझी जागा? हा दुधाचा कॅन आहे."

"माझ्या शेडमधला कॅन आहे."

"शेड माझी आहे," नॉर्बर्ट पुटपुटला, पण त्याच्याकडे कोण बघतंय? ड्युएन टोपी घालून निघून गेला. तो फाटका तुकडा लायलनं खिळा ठोकून भिंतीवर टांगला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. एकमेकांबद्दल बोलणं मात्र वाढलं.

या दोघांच्या मधे होती आर्डिस, लायलची बायको. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, म्हणजे माझी रोजची सोबत. आर्डिसची आई, म्हातारी थोरा, समुद्राएवढ्या मिशिगन तळ्याच्या पलीकडे मनिस्टीला धाकट्या मुलीजवळ राहायची. नकाशात समोरासमोर, पण रस्त्यानं जायचं तर शिकागोवरून सगळ्या तळ्याला वळसा. बोट होती, पण बोटीत पाय टाकला की आर्डिसच्या पोटातलं सगळं वर यायचं. वर्षातून एकदा बसनं जायची आणि आल्यावर आठवडाभर गप्प असायची.

"विमान झालं की तासाभरात नेतो," लायल म्हणायचा. विमानातली दुसरी खुर्ची त्यानं तिच्या मापाची केली होती.

"तू रुळ बघत बघत उडतोस," आर्डिस म्हणायची. "तळ्यावर रुळ नाहीत."

यामागे इतिहास होता. पूर्वी नॉर्बर्टचं जुनं विमान घेऊन लायल रेल्वेच्या रुळांवरून नजर न काढता निघाला, मधे फाट्यावर चुकीचे रुळ धरले, आणि भलत्याच गावच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरला. "तिसरा आला," असं नॉर्बर्ट अजून सांगतो.

म्हणून आर्डिसनं अट घातली. जमिनीवरची रेडिओ-केंद्रं लाटा सोडतात. विमानातल्या अँटेनानं त्या पकडल्या की डायलवरची सुई वाट दाखवते. धुकं असो, पाणी असो. तशी सुई बसव, मग मी बसते.

"बसवतो."

"आणि सुई खरी आहे असं ड्युएननं म्हटलं पाहिजे."

"माझ्या विमानात बसायला तुला तुझ्या भावाची परवानगी लागते?"

"तुला दिशा कळत नाही, मला रेडिओ कळत नाही. त्याला कळतो. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा, मला तळ्यात बुडायचं नाही."

रेडिओचा सेट ड्युएननं भांडणाआधीच दिलेला होता. राहिली होती अँटेना, आणि ती बसायची होती शेपटाच्या आडव्या पंखात.

सरसाला ऊब लागते. आमच्याकडचा हिवाळा काय विचारता, शेडमध्ये सरस डब्यातच झोपून जातो. त्यामुळे त्या डिसेंबरात शेपूट टेस्क्यांच्या जेवणाच्या टेबलावर आलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. उरलेल्या वीतभर जागेत आर्डिस बटाटे वाढायची. रविवारी मी कॉफीला गेले तेव्हा लायल तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या हातात घेऊन बसला होता, आणि आर्डिस स्वयंपाकघरातून फोनची वायर ताणून दारात उभी होती. फोनवर ड्युएन होता.

"तो म्हणतोय, पट्ट्या प्लायवूडला आतून चिकटव," आर्डिस म्हणाली. "एक डावीकडे, एक उजवीकडे. लाकडातून लाटा आरपार जातात, बाहेर काही लटकवायला नको."

"मला माहीत आहे."

"त्याला माहीत आहे म्हणे." मग फोन ऐकून, "तो म्हणतो, काय माहीत नाही तेवढं सांग, म्हणजे फोन लवकर संपेल."

"त्याला म्हणावं, ठेव फोन."

"तो म्हणतो, फोन तुम्ही केलाय."

"मी नाही केला. तू केलास!"

"लायल, माझे हात पिठाचे आहेत. ऐक. केबलची आतली तार एका पट्टीला डाखायची, वरची जाळी दुसरीला. आणि मधे दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवायची. एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत."

लायलनं मान वर केली. "काय ठेवायची?"

"फट."

"मी? फट?"

"बोटभर."

"कुणाला सांगतोय तो?" लायल उठून उभा राहिला. "सांधा कोरडा म्हणून झालं, आता फट ठेव म्हणतो! म्हणजे मी ठेवायची, यानं उद्या येऊन आत डोकवायचं, आणि चार लोकांत बोट घालून दाखवायचं, बघा रे, टेस्केच्या कामात फट! कळत नाही का मला?"

"अरे, ती विजेची गोष्ट आहे."

"विजेला पूल लागतो, दरी नाही. हे दुसरीतल्या पोराला कळतं. विचार मास्तरीणबाईंना."

मी म्हटलं, मी दुसरीला वीज शिकवत नाही. कुणी ऐकलं नाही. आर्डिसनं फोनमध्ये "बरं, सांगते" म्हटलं आणि फोन ठेवून पिठाकडे वळली.

लायल खाली बसला. दोन्ही पट्ट्यांची टोकं त्यानं पटाशीनं सरळ केली आणि एकीला दुसरी अशी भिडवली की मधे कागदसुद्धा शिरला नसता. वरून वितळलेल्या कथलाचा डाख दिला, कानशीनं घासून सपाट केला. आतली तार एका पट्टीला, जाळी दुसरीला. त्याच्या लेखी हे कपाटाचं दार होतं. उघडं ठेवायचं म्हणजे अब्रू उघडी टाकायची. मी बोट फिरवून पाहिलं. जोड कुठे आहे ते लागलं नाही.

"फट ठेवलीस ना?" आर्डिसनं आतून विचारलं.

"सगळं नीट केलंय," तो म्हणाला. त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

रिवाज मोडायचा नव्हता, म्हणून आत डोकवायला नॉर्बर्टला बोलावलं. गोठ्यातले बूट दारात काढून तो टेबलावर वाकला.

"सुंदर. पण ड्युएननं बघायला नको का?"

"तुझे डोळे गेलेत?"

"माझे डोळे गाईंचे, लायल. मी गाईंची शेपटं बघतो."

"मग हेही शेपूटच आहे. छान म्हण आणि जा."

नॉर्बर्ट छान म्हणाला आणि गेला. लायलनं प्लायवूड चिकटवलं, घरातले सगळे शिकंजे लावले. नाताळचं जेवण आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

वसंतात सरकारी तपासनीस येऊन विमान बघून गेला. नियमाप्रमाणे पहिले बरेच तास लायलनं एकट्यानं, गावाच्या आसपासच उडायचं होतं; ते जूनपर्यंत पुरं झालं. विमान देखणं होतं. वर गेलं की शिंप्यानं कापड कापावं तसा आवाज यायचा. पण सुईचं काहीतरी बिनसलं होतं. रेडिओ-केंद्राच्या डोक्यावर असेपर्यंत ती बरी चालायची. दोन गावं ओलांडून चीज कारखान्याच्या धुराड्यापलीकडे गेलं, की डायलमध्ये इवलीशी लाल पट्टी खाली पडायची. तिचा अर्थ, ऐकू येत नाही, माझ्यावर विसंबू नका.

त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या ऑक्टोबरपर्यंतच. पुढच्या वेळी विमान चालवायच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. लायलनं हे घरी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या बायकोनं सांगितलं. ती आर्डिसच्या बरोबर चर्चमध्ये गाते.

जूनच्या पॅनकेक न्याहारीला आसपासची विमानं आली होती. तव्यावर आर्डिस, सॉसेजवर मी. लायल विमानातून उतरला तो थेट ड्युएनच्या टेबलापाशी. किती दिवसांनी तो त्याच्याशी समोरासमोर बोलत होता!

"मेलेला सेट दिलास मला!"

ड्युएननं पॅनकेकचा घास संपवला. "मेलेला सेट केंद्राच्या डोक्यावर तरी कसा बोलतो?"

"मला काय विचारतोस? तुला माहीत होतं. बहिणीला तळ्यात घालायला निघालास?"

त्या शब्दासरशी टेबलावरचे काटे-चमचे थांबले. ड्युएन पांढरा पडला. तो उठला, गाडीतून आपली पेटी आणली, एका झाडूच्या दांड्याला दोन तारा बांधल्या आणि त्या लायलच्या सेटला जोडल्या. लाल पट्टी उचलली गेली, सुई उभी राहिली. झाडू काढून शेपटाकडची केबल लावली, पट्टी पडली. परत झाडू, परत शेपूट. सेट जिवंत आहे, दोष शेपटात आहे, हे पाहणाऱ्यांना आता समजवायची गरज नव्हती. मग त्यानं केबलच्या टोकाला मीटर लावला आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.

"लायल," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "मधे फट ठेवली होतीस?"

"माझ्या कामात फट नसते."

तव्यावर पॅनकेक करपत होता. आर्डिस तो उलटायचं विसरली होती.

"दोन पट्ट्या आहेत त्या," ड्युएन म्हणाला. "एक ओढते, एक ढकलते, तेव्हा केबलला काहीतरी कळतं. दोघींना एकत्र डाखलंस की लाट येते आणि तिथल्या तिथे विरते. तू काय केलंस माहीत आहे? कान बनवलास आणि बूच मारलंस. उघड ते शेपूट."

दुसऱ्यांदा चार माणसांत, दुसऱ्यांदा उघड. लायलनं एकट्यानं विमान ढकलत शेडमध्ये नेलं आणि दार आतून लावून घेतलं.

पुढचे कित्येक आठवडे शेड बंद होती. गावात त्याच्याशी बोलायला गेलं तर तो दुसऱ्याच विषयावर भांडायचा. ड्युएनही काही कमी नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "कपाट उघडतंय का अजून, का तेही डाखलं?" ते लायलपर्यंत पोचायचं, आणि लायलनं काढलेले उद्गार ड्युएनपर्यंत. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आर्डिस भांडली नाही. भाजी चिरताना एकदा मला म्हणाली, "त्यानं मला सांगितलं, सगळं नीट केलंय. आणि मी मान डोलावली. आता घरात मी 'ड्युएन बरोबर होता' एवढं म्हटलं, तर छत खाली येईल. म्हणून मी काहीच म्हणत नाही." आणि ऑगस्टमध्ये तिनं माळ्यावरून सुटकेस काढली.

मी तेव्हा तिथेच होते. तिला बसमध्ये वाचायला पुस्तक द्यायला गेले होते. लायल दारात उभा राहिला.

"हे काय?"

"बसनं चाललेय. आईकडे."

"आत्ता? तू तर नाताळनंतर जातेस."

"तिला आता माणसं ओळखायला वेळ लागतो. नाताळपर्यंत मी कोण ते तिला सांगावं लागेल."

"मी नेणार होतो."

"हो," आर्डिस म्हणाली. "ऑक्टोबरपर्यंत. शेपूट बंद ठेवून."

ऑक्टोबरचं तिला माहीत आहे, हे त्याला तेव्हा कळलं. तो बाहेर गेला. नॉर्बर्ट सांगतो, गाई दोहताना त्याला शेडमधून करवतीचा आवाज आला, थांबत थांबत. मधूनच कुणीतरी शिव्या देत होतं. शिव्या कुणाला, ते त्याला कळलं नाही. ऐकताना त्याला वाटलं, सगळ्यांना.

परत येऊन लायल स्वयंपाकघरात उभा राहिला. हातावर प्लायवूडचा भुसा.

"तुझ्या भावाला सांग, भोक पाडलंय. काय घालायचं ते घाल म्हणावं."

आर्डिसनं सुटकेस मिटली नाही, आवरलीही नाही. तशीच उघडी ठेवून फोनकडे गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॉफी घेऊन शेडमध्ये पोचलो, तेव्हा विमानाच्या शेपटाखाली दोन माणसं शेजारी शेजारी उताणी पडली होती. भोक लहान होतं. लायलचा पंजा त्यातून जात नव्हता, ड्युएनचा सडपातळ हात जात होता. लायल दिवा धरून होता.

"उजेड इकडे धर."

"इकडेच धरलाय."

"माझ्या डोळ्यात धरलायस."

"मग बरोबर ठिकाणी आहे."

ड्युएननं दातांच्या डॉक्टरांचा असतो तसला छोटा आरसा आत घातला आणि फिरवत राहिला. लायल त्याच्या तोंडाकडे बघत होता. आता हा काय बोलणार आणि गावभर काय पसरणार, याची तयारी त्याच्या जबड्यात दिसत होती.

"आर्डिस," शेवटी ड्युएन म्हणाला. तो लायलशी बोलत नव्हता. "तुझ्या नवऱ्यानं लावलेला डाख मी बघतोय. तीस वर्षं मी हाच धंदा करतोय. इतका साफ डाख मला एकदाही जमलेला नाही."

लायलच्या हातातला दिवा कलला.

"मूर्ख माणूस," ड्युएन पुढे म्हणाला. "चाकू दे."

लायलनं चाकू दिला. ड्युएननं तो जोड कापला, बोटभर पट्टी सोलून काढली, तार इकडे आणि जाळी तिकडे पुन्हा डाखली. कापलेला तांब्याचा तुकडा तो खिशात घालणार, एवढ्यात लायल म्हणाला, "तो माझा आहे." आणि घेतला. नंतर तो भिंतीवर दिसला, त्या फाटक्या लाकडी तुकड्याशेजारी. दोन्ही एकाच खिळ्याला.

त्या भोकावर लायलनं झाकण केलं. सरसानं चिकटवलं नाही, स्क्रूनं बसवलं. उघडता येईल असं. न्याहारीला येणारे लोक विचारत, इतक्या गुळगुळीत शेपटाला हे झाकण कशाला? "मेहुण्याला नाक खुपसायला," तो सांगायचा.

मीटर बघून ड्युएन म्हणाला, "झालं. आता बस तू खुशाल."

"तू म्हणतोस, सुई खरी आहे?" आर्डिसनं विचारलं.

"म्हणतो."

"मग आधी तू जा तळ्यापार. याच्याबरोबर."

ड्युएननं घड्याळाकडे बघितलं. "दुकान आहे मला."

"आज रविवार आहे."

"आर्डिस, तो माणूस घोड्यांच्या शर्यतीत उतरतो!"

"तुझी सुई आहे ना?"

लायल आनंदानं हसला. वर्षात पहिल्यांदा. "चल की, होवलँड. का स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

ते गेले. खांद्याला खांदा घासत, दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघत. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यावर पांढुरकी झाक असते, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. त्या पांढऱ्यात विमान गेलं. आर्डिसनं कॉफी ओतली आणि प्यायली नाही. नॉर्बर्टनं पत्ते काढले. ती हुकमाचं पान टाकायची विसरली. ज्या वेळेला परत यायला हवं होतं, ती वेळ टळून गेली. "वारा समोरचा असेल," नॉर्बर्ट म्हणाला. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. आर्डिस शेडच्या दारात उभी राहिली, हात छातीशी घट्ट. एक भाऊ, एक नवरा, दोघांना तिनंच पाठवलं होतं.

कापड कापल्यासारखा आवाज आला तेव्हा ती तिथेच खाली बसली.

दोघं उतरले ते तोंडं दोन बाजूंना करून.

"कुठे होतात?" आर्डिस ओरडली. "काय झालं?"

"मनिस्टीला उतरलो," लायल म्हणाला.

"कशाला?"

"भांडायला," ड्युएन म्हणाला. "वर इंजिनामुळे नीट ऐकू येत नव्हतं."

मग हळूहळू बाहेर आलं. तळ्याच्या मध्यावर मागचा किनाराही दिसेना आणि पुढचाही. लायलला वाटत होतं आपण सरळ चाललोय. सुई सांगत होती, डावीकडे.

"हा उजवीकडेच पळत होता," ड्युएन म्हणाला. "मी दोनदा सांगितलं."

"मी वळलो ना!"

"तिसऱ्यांदा."

"सुईनं सांगितलं म्हणून वळलो. तुझ्या सांगण्यावर नाही."

"सुई माझी आहे!"

"शेपूट माझं आहे!"

"उतरल्यावर आईला फोन केला," ड्युएन बहिणीकडे वळून म्हणाला, जरा खालच्या आवाजात. "म्हटलं, लायलबरोबर आलोय, विमानानं. तर म्हणते, तुम्ही दोघं? मग आर्डिस कुठे आहे?"

आर्डिस जमिनीवरून उठून उभी राहिली.

"सुई खरं बोलते," ड्युएन म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचं मी सांगू शकत नाही." आणि टोपी घालून गाडीकडे गेला. लायलकडे बघितलं नाही. त्यानंतर किती वर्षं झाली, आजही ते दोघं एकाच टेबलावर बसले, तर मधे एक खुर्ची रिकामी असते. ती कुणी ओढायची नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या शनिवारी आर्डिस गेली. डोक्याला रुमाल, मांडीवर आईसाठी केक, तिच्या मापाच्या खुर्चीत. ऑक्टोबर संपेपर्यंत ती दर शनिवारी गेली. आणि शेवटच्या फेरीनंतर लायल माझ्याकडे कुरकुरत आला होता. "मी काचा किती मोठ्या केल्या तिच्या बाजूला! हिनं एकदा तळ्याकडे बघितलं नाही. सगळा वेळ भावाची सुई बघत बसते."

मी ते आर्डिसला सांगितलं. ती हसली.

"बघत होते सुई, खरंच," ती म्हणाली. "पण हात विमानाच्या दाराच्या कडेवर होता माझा, सगळा वेळ. बाहेर एवढा वारा, एवढं पाणी. कुठूनही झुळूक आली नाही."

मग तिनं माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस हं. डोक्यावर बसेल."